तोक्योतील एक संध्याकाळ काबुकीला द्यायची असेल तर

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी मांडते, म्हणजे हे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ७१ वर्षांच्या वडिलांसह पाच दिवस तोक्योत असणार आहात, त्यांतली एक संध्याकाळ मोकळी आहे, तुम्ही दोघेही संगीत नाटकाचे जुने प्रेक्षक आहात आणि जपानी भाषा दोघांनाही येत नाही. अशा स्थितीत काबुकी या जपानच्या पारंपरिक नाट्यप्रकाराचे पुढच्या रांगेचे महागडे तिकीट काढावे का, चार तासांत कंटाळा येईल का, भाषा न समजता पदरात काही पडेल का आणि आवडले तर मोकळेपणाने दाद दिलेली चालते का, असे तुमचे चार प्रश्न आहेत. मी गेली १९ वर्षे तोक्योत दुभाषी म्हणून काम करते, आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांना गिन्झा या भागातल्या काबुकी-झा नाट्यगृहात घेऊन जाणे हा त्या कामाचा अलिखित भाग होऊन बसला आहे. त्या अनुभवावरून लिहिते.

माझ्या मते तुमची खरी अडचण भाषेची नाही. काबुकीची ऐतिहासिक नाटके ज्या जुन्या जपानीत बोलली जातात, ती आजच्या तोक्योकरालाही सहज कळत नाही. तुमच्या शेजारी बसलेल्या कितीतरी जपानी प्रेक्षकांच्या कानात समजावून सांगणारे यंत्र लावलेले तुम्हाला दिसेल. अडचण वेगळीच असते. आपण प्रेक्षागृहात बसल्याबसल्या गोष्ट शोधू लागतो, हा कोण, तो कुणाचा भाऊ, याने त्याला का मारले, आणि या शोधात डोळे गुंतले की ज्यासाठी तिथे माणसे येतात ते नेमके निसटते. काबुकीत प्रेक्षक गोष्ट ऐकायला येत नाही, कारण गोष्ट त्याला आधीच ठाऊक असते. अमुक नट तमुक जागा आज कशी घेतो हे पाहायला तो येतो. तुम्हा दोघांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. १९१६ साली ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आले तेव्हा रुक्मिणी शेवटी कोणाला वरणार हे कोणत्या प्रेक्षकाला माहीत नव्हते? तरीही माणसे पुन्हा पुन्हा गेली, ती बालगंधर्वांसाठी.

माझी स्वतःची पहिली संध्याकाळ याच चुकीमुळे वाया गेली. भाड्याने मिळणारे उपशीर्षकांचे छोटे यंत्र मी मांडीवर ठेवले होते आणि परीक्षेला बसल्यासारखी त्यातली प्रत्येक ओळ वाचत होते. मध्येच उजव्या कोपऱ्यातून लाकडावर लाकूड आपटल्याचा कडकडाट झाला, मी दचकून मान वर केली, तर सारे प्रेक्षागृह टाळ्या वाजवत होते आणि रंगमंचावरचा नट पुढच्या हालचालीला लागला होता. काय झाले ते मला कळले नाही. शेजारच्या आजींनी मात्र सहानुभूतीने माझ्याकडे पाहिले. तेव्हापासून माझ्या पाहुण्यांना मी एकच अट घालते: गोष्ट हॉटेलवर वाचून संपवायची, आणि तिथे यंत्र घेतलेच तर ते अडल्यावेळी पाहण्यापुरते वापरायचे.

आता तो कडकडाट कशाचा, ते सांगते, कारण ही एक खूण कळली तरी निम्मी संध्याकाळ हाती लागते. प्रेक्षकाच्या उजव्या हाताला, रंगमंचाच्या अगदी कडेला, काळ्या कपड्यातला एक माणूस गुडघे टेकून बसतो. त्याच्यापुढे एक फळी असते आणि दोन्ही हातांत ओकचे एकेक चौकोनी दांडके. दांडक्यांच्या या वादनाला त्सुके म्हणतात. कोणी धावले, पडले, तलवारीला तलवार भिडली, की तो फळीवर ताल धरतो. पण त्याचे मुख्य काम ‘मिए’च्या वेळी असते. प्रसंग टोकाला पोहोचला की नट हालचाल आवरत आणतो, मान एक गिरकी घेऊन झटक्यात थांबते, डोळे विस्फारतात, कधी एक बुबुळ नाकाकडे वळते, आणि त्या क्षणी दांडकी दोनदा खणखणून नट चित्रासारखा गोठतो. ही मिए. चित्रपटातला समीपदृश्याचा क्षण कॅमेऱ्याशिवाय कसा साधावा, याचे हे तीन शतकांपूर्वीचे उत्तर आहे असे मी पाहुण्यांना सांगते. म्हणून तो काळ्या कपड्यातला माणूस येऊन बसलेला दिसला की समजावे, आता नजर हलवायची नाही.

काळ्या कपड्यांचीच गोष्ट निघाली म्हणून हेही. नटाच्या मागे सरपटत येऊन त्याला स्टूल देणारी, हातातली वस्तू काढून घेणारी, तोंडावर काळा पडदा घेतलेली माणसे तुम्हाला दिसतील. त्यांना कुरोगो म्हणतात. काळा म्हणजे ‘नाही’ असा तिथला संकेत आहे, तेव्हा ती दिसली तरी पाहायची नसतात. बर्फाच्या दृश्यात हीच माणसे पांढऱ्या कपड्यात येतात आणि पाण्याच्या दृश्यात निळ्या. तुमच्या वडिलांना हे सांगून ठेवा, नाहीतर पहिला अर्धा तास ‘हा कोण?’ यातच जाईल.

तिकिटाच्या प्रश्नाकडे येते. हिगाशी-गिन्झा या भुयारी रेल्वेच्या स्थानकातून थेट वर आले की समोर काबुकी-झा आहे. १८८९ साली सुरू झालेल्या या नाट्यगृहाची आजची इमारत पाचवी. ती एप्रिल २०१३ मध्ये उघडली आणि केन्गो कुमा या वास्तुरचनाकाराने जुने रूप राखून ती उभारली. आत सुमारे १,८०० प्रेक्षक बसतात. बहुतेक महिन्यांत तिथे दोन खेळ असतात, एक सकाळी ११ च्या सुमारास सुरू होणारा आणि दुसरा दुपारी साडेचारच्या आसपास. मध्यंतरे धरून प्रत्येक खेळ सुमारे चार तासांचा. तेव्हा ‘संध्याकाळ’ म्हणजे प्रत्यक्षात साडेचार ते साडेआठ, हे लक्षात घेऊन दिवस आखावा. कार्यक्रम दर महिन्याला बदलतो, महिनाअखेरीचे काही दिवस नाट्यगृह बहुधा बंद असते आणि मधे एखाद-दुसरा सुटीचा दिवसही असतो. विमानाचे तिकीट काढण्याआधी त्या महिन्याचे वेळापत्रक इंग्रजी संकेतस्थळावर अवश्य पाहावे. तिकीटविक्री साधारणपणे आदल्या महिन्याच्या मध्याला सुरू होते.

पुढच्या रांगेचा मोह मी सोडायला सांगेन. त्याचे कारण ‘हनामिची’. प्रेक्षकांच्या डावीकडून, खुर्च्यांना चिरत, प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकापासून रंगमंचापर्यंत जाणारी ही लाकडी वाट म्हणजे काबुकीचे अर्धे हृदय आहे. महत्त्वाची पात्रे तिच्यावरून येतात आणि जातात. या वाटेचे दहा भाग मानले, तर रंगमंचापासून तीन भागांवर आणि मागच्या पडद्यापासून सात भागांवर ‘शिचिसान’, म्हणजे सात-तीन, नावाची जागा आहे; तिथे नट थांबतो, वळतो आणि आपली ओळख करून देतो किंवा निरोप घेतो. त्याच ठिकाणी जमिनीत एक झडप आहे, तिच्यातून वर येणारे पात्र बहुधा भूत, जादूगार किंवा माणसाचे रूप घेतलेला प्राणी असते. तुम्ही पहिल्या रांगेत मध्यभागी बसलात, तर हे सगळे तुमच्या डाव्या खांद्यामागे घडेल. वडिलांची मान अवघडेल ते वेगळेच. हनामिचीच्याही डावीकडच्या खुर्च्या नटाच्या अगदी जवळ असतात खऱ्या, पण शिचिसानवर थांबलेला नट बराच वेळ उजवीकडच्या मोठ्या प्रेक्षकवर्गाकडे तोंड करून असतो, त्यामुळे तिथून त्याची पाठ जास्त दिसते.

खर्चाची चिंता नसेल तर खालच्या मजल्यावर सातव्या-आठव्या रांगेनंतर, हनामिचीच्या उजव्या बाजूला बसावे. दुसऱ्या मजल्याची पुढची रांग मला व्यक्तिशः अधिक आवडते, कारण तिथून नृत्यातल्या रचना आणि फिरता रंगमंच दोन्ही नीट दिसतात. (फिरता रंगमंच ही ओसाकाची देणगी, नामिकी शोझो या नाटककाराने १७५८ साली तो तिथे आणला. आपल्याकडे तो नवलाईचा वाटायचा, तेव्हा जपानात तो जुना झाला होता.) तिसरा मजला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जाणकार. मात्र तिथे डाव्या अंगाच्या खुर्च्या टाळाव्यात, तिथून हनामिची पायाखाली दडते. उजव्या अंगाने ती बरीच दिसते. आणि वरच्या मजल्यांवर पाठ खुर्चीला टेकवूनच बसावे. उत्सुकतेने पुढे वाकलात, तर मागच्या माणसाला रंगमंचाऐवजी तुमचे डोके दिसते, आणि शिस्तप्रिय जपानी प्रेक्षक ज्या मोजक्या गोष्टींवर चिडतो त्यांत ही अग्रणी आहे.

चार तास झेपतील का, याचे उत्तर वडिलांच्या प्रकृतीवर आणि तुमच्या प्रवासाच्या शिणावर अवलंबून आहे. दुरून मी ते देऊ शकत नाही. पण एक सोय आहे. काबुकी-झाच्या चौथ्या मजल्यावर केवळ एका अंकासाठीची तिकिटे मिळतात, बहुतेक वेळा हजार-दोन हजार येनच्या आसपास, तर खालच्या मजल्यावरचे पहिल्या दर्जाचे तिकीट पंधरा हजारांच्या पुढे जाते. यांतली बरीच तिकिटे आदल्या दिवशी संकेतस्थळावर विकली जातात. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून तिथेच पाहून घ्यावे. तिथून रंगमंच लांब पडतो, चेहऱ्यावरचे बारकावे दुर्बिणीशिवाय दिसत नाहीत, पण आवाज उत्तम पोहोचतो. विमानातून उतरून दुसऱ्याच दिवशी जाणार असाल तर हाच मार्ग धरा. निदान दोन दिवस तोक्योत मुरला असाल तर पूर्ण खेळ पाहा. कारण एका संध्याकाळच्या खेळात बहुतेकदा एकच सलग नाटक नसते. वेगवेगळ्या नाटकांतले गाजलेले अंक निवडून दोन-तीन तुकडे लावलेले असतात: एक ऐतिहासिक, एक नृत्य, एक सामान्य माणसांच्या जीवनातले. एक नाही रुचला तर दुसरा रुचतो. ‘आधी काय झाले ते दाखवलेच नाही’ अशी तक्रार नवखा करतो, पण ते वगळलेलेच असते, आणि इथेही घरून गोष्ट वाचून जाणेच उपयोगी पडते.

तुमच्या तारखांना ‘कान्जिन्चो’ लावलेले असेल, तर बाकी काही पाहू नका, तेच निवडा. १८४० साली सातवा इचिकावा दानजुरो या नटाने ते प्रथम सादर केले आणि ‘नो’ या अधिक जुन्या नाट्यप्रकारातल्या ‘आताका’ या नाटकावर ते बेतलेले आहे. गोष्ट थोडक्यात अशी. सत्ताधारी भाऊ योरितोमो याच्या रोषामुळे योशित्सुने पळतो आहे. त्याचा सेवक बेन्केई आणि इतर चौघे डोंगरात तप करणाऱ्या यतींच्या वेषात आहेत, तर स्वतः योशित्सुने ओझेवाला हमाल झाला आहे. आताकाच्या नाक्यावर तोगाशी हा अधिकारी त्यांना अडवतो. नारा येथील तोदाइजी मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी आम्ही वर्गणी गोळा करतो आहोत, असे बेन्केई सांगतो. तर मग वर्गणीचे आवाहनपत्र वाचून दाखवा, असे तोगाशी म्हणतो. बेन्केई जवळची कोरी गुंडाळी उलगडतो आणि खणखणीत आवाजात नसलेला मजकूर वाचू लागतो. पुढे हमालावर संशय येतो, तेव्हा बेन्केई आपल्याच धन्याला काठीने बडवतो. तोगाशीला सगळे कळते. स्वामीवर हात उचलण्याची वेळ ज्याच्यावर आली त्याचे दुःखही कळते, आणि तो त्यांना जाऊ देतो.

एवढी गोष्ट माहीत असली की तुमचे डोळे मोकळे झाले. मग काय पाहायचे? गुंडाळी वाचताना तोगाशी हळूच पुढे झुकून आत डोकावू पाहतो आणि बेन्केई ती चटकन छातीशी ओढतो, तो एक क्षण पाहा. दोघांच्या मध्ये जणू ताणलेली दोरी दिसते. मागे पाइन वृक्षाच्या एका भल्या थोरल्या चित्राखेरीज नेपथ्य नसते, त्याच्यापुढे पायऱ्यांवर नागाउता या शैलीत गाणारे गायक आणि शामिसेन या तीन तारांच्या वाद्याचे वादक रांगेने बसलेले असतात, त्यामुळे नट आणि सूर यांखेरीज लक्ष विचलित करणारे तिथे काही नाही. तुम्ही हार्मोनियम आणि तबल्याच्या साथीवर वाढलेले श्रोते आहात. गायकाचा ताणलेला स्वर आणि शामिसेनचा कोरडा ठोका यांच्यात जी पोकळी सोडली जाते, ती पहिल्या दहा मिनिटांत खटकेल आणि नंतर तिचीच वाट पाहिली जाईल. आणि शेवट. धनी पुढे निघून गेलेला, रंगमंचाचा पडदा बेन्केईच्या पाठीमागे ओढला जातो, तो एकटा हनामिचीवर उरतो. तो नमस्कार करतो, काठी सावरतो, आणि एका पायावर उड्या घेत, हात सहा दिशांना फेकत, लाकडी वाट दणाणत प्रेक्षकांमधून निघून जातो. मागच्या पडद्याच्या कड्या ‘चारिन’ असा आवाज करतात. ही उडती चाल पाहायला माणसे आयुष्यभर येतात, आणि म्हणूनच मी हनामिचीवर इतका वेळ घालवला.

स्त्रीभूमिकांविषयी तुम्ही वेगळे विचारलेले नाही, पण संगीत नाटकाचा प्रेक्षक ते पाहणार हे उघड आहे. १६०३ च्या सुमारास क्योतोत ओकुनी नावाच्या एका स्त्रीनेच काबुकीची सुरुवात केली, आणि १६२९ साली स्त्रियांनाच रंगमंचावर बंदी झाली. त्यातून ओन्नागाता, म्हणजे स्त्रीभूमिका करणारे पुरुष, ही परंपरा घडली. बालगंधर्वांशी तुलना करण्याचा मोह होईल. ती एका मर्यादेपर्यंतच करावी असे माझे मत आहे. बालगंधर्वांची रुक्मिणी पाहून स्त्रिया नेसण्याची, माळण्याची तऱ्हा उचलत, इतकी ती आसपासच्या स्त्रीजवळ होती; ओन्नागाता मात्र खऱ्या स्त्रीची नक्कल करीतच नाही. खांदे मागे पाडून, गुडघे जुळवून, आवाज गळ्याच्या वरच्या भागातून काढून तो एक घडवलेली आकृती उभी करतो. २०१२ साली जिवंत राष्ट्रीय संपदा म्हणून गौरवले गेलेले पाचवे बान्दो तामासाबुरो यांचे नाव कार्यक्रमपत्रिकेत दिसले, तर तिकिटाच्या किमतीचा विचार करू नका. नावापुढच्या या क्रमांकांनी गोंधळू नये. नाव हे घराण्याचे असते आणि योग्य वेळी पुढच्याला मिळते, जसे २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये एबिझो तेरावे दानजुरो झाले.

जेवणाचे सांगते, कारण माझ्या पाहुण्यांची निम्मी संध्याकाळ याच चिंतेत जाते. मोठे मध्यंतर बहुधा अर्ध्या तासाचे असते आणि त्यात आपल्याच खुर्चीत बसून डबा उघडण्याची रीत आहे. ‘माकुनोउची’ या डब्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘दोन पडद्यांच्या मधला’. तुम्ही शाकाहारी असाल तर मात्र तिथल्या डब्यांवर विसंबू नका. भाजी दिसली तरी ती बहुधा माशाच्या अर्कात शिजलेली असते, आणि आत उमेबोशी, म्हणजे खारवलेले आंबट फळ, असलेल्या भाताच्या गोळ्यातही कधी कधी माशाचा कीस मिसळलेला आढळतो. मी स्वतः दशम्या आणि कोरडी चटणी नेते. वास दरवळेल असे लोणचे मात्र नको. प्लॅस्टिकच्या पिशव्या खेळाच्या वेळी चुरचुरतात, म्हणून डबा कापडात बांधून न्यावा. वडिलांसाठी लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, खुर्च्या आपल्या ओळखीच्याच आहेत, आणि मध्यंतरात स्वच्छतागृहापुढची रांग लांब असली तरी भराभर सरकते. कपड्यांचे बंधन नाही. किमोनो नेसलेल्या बायका दिसतील आणि त्यांच्या शेजारी साध्या जीन्समधली मुलेही. खेळ सुरू असताना छायाचित्र काढणे सर्वस्वी मना आहे. विकत मिळणारी कार्यक्रमपुस्तिका जपानी असते, तरी आठवण म्हणून घ्यायची असेल तर महिन्याच्या उत्तरार्धात घ्यावी, कारण चालू खेळातली छायाचित्रे तिच्यात तेव्हाच येतात.

राहिला शेवटचा प्रश्न, दाद देण्याचा. वरच्या मजल्यावरून मधूनच ‘नारितायाऽ!’, ‘ओतोवायाऽ!’ अशा आरोळ्या येतील. ती नटाच्या घराण्याची नावे आहेत. दानजुरोंचे नारिताया, किकुगोरोंचे ओतोवाया. ज्या क्षणी श्वास सुटतो नेमक्या त्याच क्षणी ती पडावी लागतात, आणि अर्धा क्षण उशीर झाला तर नटाचा तोल जातो, म्हणून हे काम वर्षानुवर्षे मुरलेल्या श्रोत्यांनीच करायचे असते. तुमचा आवाज कितीही चांगला असला तरी तो मोह आवरा. टाळ्या मात्र मनमोकळ्या वाजवा: पात्र हनामिचीवर आल्यावर, मिए झाल्यावर, पडदा पडताना. आपल्या ‘वन्स मोअर’ला मात्र इथे जागा नाही. सहसा खेळ संपल्यावर नट परत येऊन वाकतही नाहीत. पडदा ओढला गेला, लाकडाचा शेवटचा टोला पडला, दिवे लागले, की शेजारची माणसे शांतपणे उठून कोट घालू लागतात. माझे एक पाहुणे आता नमस्काराला येतील म्हणून टाळ्या वाजवत बसून राहिले, आणि अखेरीस सफाई करणाऱ्या बाईंनीच त्यांना वाकून नमस्कार केला.